ठोकळ्याला कळलेली चेष्टा

मी एक जुना ठोकळा आहे. मित्रांनो, वर्गात ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही, त्याला गुरुजी ठोकळा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकलं. मागून खुसखुसण्यापेक्षा काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

मी लॉरीच्या चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा आहे. उतारावर उभी केलेली लॉरी घरंगळू नये म्हणून मला चाकाला टेकवतात. एका अंगाने मी निमुळता आहे, दुसऱ्या अंगाने जाड आहे, आणि उचलायला मला दोरीचा एक फास आहे. लॉरीला ब्रेक असताना तुझं काय काम, असं लोक विचारतात. ब्रेकवर माझा विश्वास नाही. उतारावर नाही, ड्रायव्हरवर नाही, आणि राग मानू नका, पण अजून तुमच्यावरही नाही. संशय घेणं हाच माझा धंदा आहे.

मूळचा मी साल नावाच्या झाडाचा. पंधरा वर्षं मी रेल्वेच्या रुळाखाली स्लीपर म्हणून पडून होतो. इतक्या गाड्या अंगावरून गेल्या, की भाबडेपणा राहिलाच नाही. पुढे मला तिथून काढलं आणि हावड्याच्या एका सुताराने करवतीने कापून माझे चार तुकडे केले. बाकीचे तिघे कुठे गेले ते मला माहीत नाही. मला दत्तात्रयबाबूंनी उचललं. त्यांनी नुकतीच एक जुनी लॉरी घेतली होती.

दत्तात्रयबाबू मराठी होते, पण जन्मले, वाढले कोलकात्यात. बागबाजारात त्यांचं घर होतं. खाली एका खोलीचं ऑफिस, वर बिऱ्हाड आणि दारात लॉरी. दुसरे लॉरीवाले पाटण्याला जात, गुवाहाटीला जात, आठ आठ दिवस घराचं तोंड पाहत नसत. दत्तात्रयबाबूंचा नियम वेगळा होता. संध्याकाळचा चहा ड्रायव्हरने आपल्या घरी प्यायचा. तेवढ्या टापूत मिळेल तेवढं काम घ्यायचं आणि ते चोख करायचं. हावड्याच्या एका ओतकाम कारखान्यातून लोखंडाचे जड ओतीव भाग भरायचे, पूल ओलांडायचा आणि गार्डन रीचला बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात नेऊन द्यायचे, हे त्यांचं मुख्य काम होतं. त्या एका कामावर घर चालत होतं.

लॉरी चालवायचा निमाई. हा बंगाली माणूस पहिल्या दिवसापासून होता. उंच, हडकुळा, खांद्यावर गमछा. लॉरी थांबली की तो आधी मला चाकाखाली लावायचा, टाचेने दोनदा ठोकायचा आणि म्हणायचा, "थाक." म्हणजे रहा इथेच. बारा वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. माझं कौतुक करणारा तो एकटाच होता. तरी मी मनात म्हणायचो, एवढं गोड वागतोय, याच्या पोटात काय आहे कोण जाणे.

आणि मग एकोणीसशे एकोणसत्तर साल उजाडलं. दत्तात्रयबाबूंना विषमज्वर झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने अंथरूण सोडायचं नाही आणि धंद्याचा शब्द कानावर घालायचा नाही. त्यांची बायको सात वर्षांपूर्वीच वारली होती. घरात अकरा वर्षांची मुलगी प्रेमलता तेवढी होती. म्हणून वाईहून त्यांची थोरली बहीण आली. कालिंदीआक्का.

आक्कांनी आल्या आल्या पदर खोचला. ऑफिसचं कपाट उघडून पाहिलं, लॉरीचं फळकूट हलवून पाहिलं, मग माझ्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. म्हणाल्या, "हा बरा आहे. निदान जागचा हलत नाही." मित्रांनो, मला बाई एकदम पसंत पडली. ताकसुद्धा फुंकून पिणारी माणसं मला आवडतात.

आक्कांना बंगाली येत नव्हतं. हिंदीही वाईच्या बाजारापुरतंच. त्यात शेजारच्या कोणीतरी सांगितलं, की पूर्वी मराठ्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून या शहराने खंदक खणला होता आणि तो इथूनच, बागबाजारापासूनच सुरू व्हायचा. त्या मराठ्यांना इकडे बर्गी म्हणतात. गल्लीतली पोरं आक्कांना पाहून बर्गी, बर्गी करत पळायची. आक्का म्हणाल्या, "ज्यांनी आपल्यासाठी खंदक खणले, त्यांच्यावर आपण काय म्हणून विश्वास ठेवायचा?" मला ते अगदी पटलं.

दुभाष्याचं काम प्रेमलताकडे आलं. ही पोर गुणाची, पण आई गेल्यावर शेजारच्या बंगाली बायांच्या हातावर वाढलेली. मराठी शब्द अडला, की बंगाली शब्दालाच मराठी शेपूट लावून पुढे जायची. आपण असं करतो, हे तिला स्वतःलाही कळत नव्हतं. सगळं तिथेच फसलं.

पहिल्या सकाळी आक्का म्हणाल्या, "त्याला विचार, बारापर्यंत माल गार्डन रीचला पोचवशील ना?"

प्रेमलताने विचारलं. निमाई डोकं खाजवत म्हणाला, "चेष्टा कोरबो, पिशिमा." पिशिमा म्हणजे आत्या.

"काय म्हणतो ग?"

"तो चेष्टा करणार म्हणतो."

आक्का ताठ झाल्या. "माझी चेष्टा?"

"तुझी नाही ग आत्या. माल पोचवायची. रोजच करतो. बाबा त्याला सांगतात, नीट चेष्टा कर हं."

 आक्कांनी एकदा निमाईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. दत्तू फार भोळा आहे, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मीही मनाशी म्हटलं, बघा, बारा वर्षं मी उगाच संशय घेत नव्हतो. माणूस मालकाच्या तोंडावर सांगतो, की मी कामाची चेष्टा करणार.

त्या दिवशी लॉरी उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशीही उशीर झाला. निमाईने कारण सांगितलं, मिछिल. मिछिल म्हणजे मिरवणूक, एवढं प्रेमलताने बरोबर सांगितलं. आक्का म्हणाल्या, "रोज कसली मिरवणूक? इथे काय बारा महिने गणपती बसतात?" त्या वर्षी कोलकात्यात रोज कुठे ना कुठे मोर्चा असायचा आणि हावड्याचा पूल कधी वीस मिनिटांत सुटायचा, कधी दोन तास नाही. अशा शहरात एकही शहाणा ड्रायव्हर छातीठोकपणे वेळ सांगत नसे. पण वाईच्या माणसाला हे कोण सांगणार? आजारी भावाला विचारायची तर बंदी होती.

आठवड्याने निमाई म्हणाला, की ब्रेक बिघडत चाललाय, लॉरी दोन दिवस गॅरेजला लावू या. आक्कांनी विचारलं, "गॅरेजवाला याचा कोण लागतो, विचार."

"माशतुतो भाई," निमाई सरळपणे म्हणाला.

"मावसभाऊ," प्रेमलताने सांगितलं. नेमका हा शब्द तिला बरोबर आला.

"तरीच," आक्का म्हणाल्या. ब्रेकचं काम तिथेच राहिलं.

मग एक दिवस आक्का प्रेमलताला घेऊन टॅक्सीने लॉरीच्या मागावर निघाल्या. स्ट्रँड रोडला नदीच्या बाजूला लॉरी उभी. निमाई उकिडवा बसून मातीच्या भांड्यातला चहा पितोय आणि चहावाल्याशी हसतोय. आक्कांनी टॅक्सीतूनच पाहिलं आणि टॅक्सी परत फिरवली. मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी तेव्हा चाकाखालीच होतो. चाक तव्यासारखं तापलं होतं. झिजलेला ब्रेक भरल्या लॉरीला पुरत नव्हता, म्हणून निमाई रोज दहा मिनिटं थांबून तो गार होऊ देत होता. हे मला कळायला हवं होतं, माझ्या अंगाला चटका बसत होता. पण मला वाटलं, यानेच चाकाला काहीतरी केलं असणार. संशयाची एकदा सवय लागली, की चटकासुद्धा पुरावा वाटतो.

त्याच आठवड्यात बुधवारी ओतकाम कारखान्याची चिठ्ठी आली. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत माल गार्डन रीचला पोचायलाच हवा, तिथे बोट खोळंबली आहे. या वेळी उशीर झाला तर पुढचं काम दुसऱ्या लॉरीवाल्याला जाईल. आक्कांचा चेहरा उतरला. हे काम गेलं तर बरा होऊन उठलेल्या भावाला काय दाखवायचं? त्यांनी निमाईला ऑफिसात बोलावलं. "त्याला म्हणावं, नीट उत्तर दे. पोचवणार की नाही? हो किंवा नाही."

निमाईने हात जोडले. "चेष्टा कोरबो, पिशिमा. प्राणपण चेष्टा कोरबो."

"तो म्हणतो, प्राण गेला तरी चेष्टा करणार," प्रेमलता म्हणाली.

"प्राण गेला तरी चेष्टाच?" आक्कांचा आवाज चिरकला. "माझा भाऊ वर तापाने फणफणलाय आणि याला चेष्टा सुचते? चालता हो म्हणावं. किल्ली ठेव इथे."

प्रेमलताने ते कसं सांगितलं देव जाणे. पण दाराकडे केलेल्या बोटाला दुभाषा लागत नाही. निमाईने किल्ली ठेवली. जाताना त्याने लॉरीजवळ येऊन मला टाचेने दोनदा ठोकलं. मग उंबऱ्याशी वळून म्हणाला, "आशि."

"येतो म्हणाला," प्रेमलता रडत म्हणाली.

आक्का म्हणाल्या, "येतो नाही. जातो म्हण."

आपल्याकडे निघताना कोणी जातो म्हणत नाही. त्यांच्याकडेही म्हणत नाहीत. तो शब्द निमाईला न सांगता कळला. तो मान खाली घालून गेला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदर नावाचा नवा ड्रायव्हर आला. तेल लावून भांग पाडलेला, तोंडात साखर. बारापर्यंत पोचेल का? "हो जाएगा, माताजी." वाटेत मोर्चा लागला तर? "हो जाएगा." आक्का खूश झाल्या. मी म्हटलं, हा तर सगळ्यालाच हो म्हणतोय. आता मला कोणाचा संशय घ्यावा तेच कळेना.

शुक्रवारी आक्का स्वतः लॉरीत बसल्या, दुभाषी म्हणून प्रेमलतालाही घेतलं. मला श्यामसुंदरने सीटखाली फेकलं होतं. नशिबाने पूल मोकळा मिळाला आणि पावणेबाराला लॉरी गार्डन रीचच्या कारखान्यात शिरली. तिथलं आवार नदीकडे उतरतं. उताराच्या टोकाला धक्का, धक्क्याच्या खाली हुगळीचं पाणी. श्यामसुंदरने लॉरी उतारावरच उभी केली आणि हातब्रेक ओढला. आक्का प्रेमलताला सीटवरच बसवून माल पोचल्याची सही घ्यायला ऑफिसात गेल्या.

"ठोकळा लावायचा ना?" प्रेमलताने त्याला हिंदीत विचारलं.

"ब्रेक है ना, बेबी," म्हणून तो पान खायला गेला.

मित्रांनो, सीटखाली पडल्या पडल्या मला कळलं. आधी एक बारीकसा कुरकुर आवाज झाला. मग जमीन सरकल्यासारखी वाटली. माझ्या आयुष्यात मला खात्री अशी एकाच गोष्टीची होती, की ब्रेक एक दिवस दगा देणार. तो दिवस आला तेव्हा मी चाकाखाली नव्हतो. वर पोर एकटी होती आणि मागे चार टन लोखंड होतं.

कारखान्याच्या फाटकाशी निमाई बसला होता. काम गेल्यापासून तो तिथेच हमाली मिळते का ते पाहत होता. लॉरी हलताना पाहून तो धावत सुटला. खिडकीखालून ओरडला, "काठटा फ्याल, खुकु!" म्हणजे तो लाकडाचा ठोकळा फेक, पोरी.

प्रेमलताने माझा फास ओढला. मी जड आहे. तिने मला खिडकीपर्यंत उचललं आणि मी तिच्या हातून निसटून परत खाली पडलो. तिने दोन्ही हातांनी पुन्हा उचललं, गुडघ्याचा टेकू दिला आणि मला बाहेर लोटलं. निमाईने मला धरलं आणि पुढच्या चाकासमोर पालथं पडून आत सारलं. चाक माझ्यावर चढलं. माझं टोक फुटलं. लॉरी थरथरली आणि थांबली. धक्का तिथून सात पावलांवर होता.

पण निमाईचा उजवा हात माझ्या आणि चाकाच्या मध्ये राहिला होता. त्याची दोन बोटं गेली.

इस्पितळात प्रेमलता मला मांडीवर घेऊन बसली होती. कोणी मागितलं तरी देईना. श्यामसुंदर पानाच्या दुकानावरूनच पसार झाला होता. बोटींच्या कारखान्याच्या साहेबाने आक्कांना सांगितलं होतं, माल वेळेत आला, तसं मी ओतकामवाल्यांना कळवतो, तुमचं काम चालू राहील, पण लॉरीवर निमाई हवा. आक्का निमाईच्या खाटेच्या पायथ्याशी आल्या. प्रेमलताला म्हणाल्या, "त्याला सांग, माझं चुकलं. ब्रेक त्याच्याच भावाकडे नीट करून घेऊ. आणि विचार, बरा झाल्यावर तो पुन्हा लॉरी चालवेल का?"

निमाईने बँडेज बांधलेला हात वर करून पाहिला. त्याचे डोळे भरून आले. हलक्या आवाजात तो म्हणाला, "चेष्टा कोरबो, पिशिमा."

आक्कांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर चेष्टा कुठेच नव्हती. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "प्रेमा, चेष्टा म्हणजे काय ग?"

"चेष्टा म्हणजे चेष्टा," प्रेमलता म्हणाली. तिला दुसरा शब्द येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, लॉरीत मी याला उचललं. तो पडला. मग मी परत उचललं ना? ती चेष्टा."

आक्कांनी माझ्या फुटलेल्या टोकावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "अग, त्याला प्रयत्न म्हणतात."

"प्रयत्न म्हणजे?" प्रेमलताने विचारलं.

आक्कांनी तिला जवळ घेतलं आणि त्या रडल्या. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण साप साप म्हणून भुई धोपटण्यात मीही त्यांच्या बरोबरीने होतो. ज्याने बारा वर्षं रोज दोनदा ठोकून मला माझी जागा दाखवली, त्याच्याच बोटांवर मी चाकाचा भार घातला.

दत्तात्रयबाबू बरे झाले. त्यांना सगळं कळलं तेव्हा ते आक्कांवर रागावले नाहीत. पोरीला मराठी शिकवायचं माझ्याकडूनच राहिलं, एवढंच म्हणाले. निमाई तीन महिन्यांनी लॉरीवर आला आणि उरलेल्या तीन बोटांनी त्याने आणखी आठ वर्षं ती चालवली. आक्का पुढे वर्षभर राहिल्या. रोज सकाळी त्या स्वतः विचारायच्या, "बारापर्यंत पोचशील ना?" निमाई म्हणायचा, "चेष्टा कोरबो." आक्का म्हणायच्या, "कर बाबा, मनापासून चेष्टा कर." वाईला परत निघाल्या तेव्हा निमाई स्टेशनवर सामान घेऊन गेला होता. आल्यावर तो सांगत होता, पिशिमा गाडीतून तीन वेळा म्हणाल्या, आशि, आशि, आशि.

लॉरी गेल्या वर्षी मोडीत निघाली. मी आता ऑफिसच्या दाराला अडसर म्हणून असतो. वाऱ्याने दार आपटू नये, एवढंच माझं काम. कधी कोणी पायाने ढकलून कोपऱ्यात सारतं आणि दिवस दिवस विसरून जातं. परवा मात्र प्रेमलताने माझ्यावर बसूनच आक्कांचं पत्र निमाईला वाचून दाखवलं. आक्कांना आता दिसत नाही, पत्र शेजारच्या मुलीने लिहिलं आहे. वाईच्या त्या मुलीला काय वाटलं असेल ते असो, पण तिने आक्कांचा शब्द जसाच्या तसा ठेवला होता. "निमाईस सांगणे, मरण्यापूर्वी एकदा कोलकात्यास येण्याची मी प्राणपण चेष्टा करीन." निमाईने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग गमछा तोंडाला लावून तो उठून गेला. जाताना त्याने मला टाचेने दोनदा ठोकलं.

मित्रांनो, संशय घेऊ नका, असं मी सांगणार नाही. ते माझ्या तोंडी शोभत नाही. ब्रेकचा संशय घ्या. उताराचा घ्या. सगळ्याला हो म्हणणाऱ्याचा जरूर घ्या. लॉरी उभी केलीत तर चाकाखाली ठोकळा लावा आणि काम झालं की त्याला कोपऱ्यात फेकू नका. पण माणसाला दार दाखवण्याआधी त्याच्या शब्दाचा अर्थ तेवढा विचारा. विचारायला फार लागत नाही. आम्ही विचारलं नाही आणि त्याची किंमत निमाईच्या हाताने दिली.

आणि आता तुम्ही माझ्याकडे बघून हसताय, ते मला दिसतंय. हसा. या ठोकळ्याची चेष्टा करायची असेल तर तीही करा. फक्त कुठल्या भाषेतली, ते आधी सांगा.